जाताना गप्प, येताना ठाक्

ठाक्!

पहिल्यांदा तो आवाज आला तेव्हा मी मागे वळून ओरडलो, "कोण लाथा मारतंय रे माझ्या गाडीला?"

मागे होत्या दोन गरोदर बाया, खोकून बेजार झालेला एक म्हातारा आणि लसींच्या पेटीवर हात ठेवून बसलेली आमची नर्स गुमातो. गुमातो म्हणाली, "यातानीदादा, लाथ कुणी मारली नाही. आवाज खालून आला."

मला काय कळत नव्हतं? खालूनच आला होता. तळपायाला धक्का बसला होता माझ्या. पण एकोणीस वर्षं दवाखान्याची जी गाडी हाकली तिच्या पोटातून असला आवाज निघाला की माणूस आधी दुसऱ्यावर खेकसतो, मग विचार करतो. मी तरी असाच आहे. बायको म्हणते, तुझं तोंड आधी सुरू होतं आणि इंजिन नंतर.

त्या दिवसापासून माझी झोप उडाली. चालबीच्या वाळवंटात गाडीला फोर-व्हीलमध्ये टाकावं, क्लच सोडून रेस द्यावी, की खालून ठाक्! कुठे एकदा, कुठे लागोपाठ तीनदा. जणू कुणी लोखंडी दरवाजा धाडकन लावतंय. आणि वाळू संपून मायकोना गावाचा कडक रस्ता लागला की सगळं शांत. मार्साबितच्या दवाखान्यापर्यंत गाडी अशी चालायची की जणू मीच वेडा.

त्यातच गाड्या तपासणारे ओगुटू साहेब नैरोबीहून आले. तांड्यावरून परतताना माझ्या शेजारी बसले आणि दर ठाक् ला वहीत एक रेघ मारत गेले. मायकोना येईपर्यंत सत्तावीस रेघा झाल्या.

"पुढचा एक्सल संपलाय, ड्रायव्हर," ते म्हणाले. "वीस तारखेला मी परत येतो. हा आवाज तेव्हाही आला तर गाडी लिलावात."

"आणि दुसरी कधी येणार, साहेब?"

"वर कळवतो."

वर कळवणं म्हणजे काय ते आम्हाला चांगलं ठाऊक आहे. आमच्या विहिरीचा पंपसुद्धा वर कळवलेला आहे. आम्ही अजून हातानेच पाणी शेंदतो.

माझ्या नोकरीचं सोडा, मी आज ना उद्या म्हातारा होणारच. पण चालबीच्या पलीकडे सात तांडे आहेत आणि त्या सातांना मिळून ही एक गाडी आहे. गाडी नसेल तर अडलेली बाई उंटावर बांधून आणायची, दोन दिवस लागतात. मी लहान असताना माझी मावशी तशी निघाली होती. ती मायकोनाला पोचली नाही. तेव्हा ही गाडी जाऊ द्यायची नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं. महिनाभर दुसरं काही सुचत नव्हतं.

मार्साबितला वोचे नावाचा मेकॅनिक आहे, बुर्जी जमातीचा आहे तो. पोट एवढं की गाडीखाली जाताना आधी गाडी जॅकवर चढवावी लागते आणि मग वोचेला आत ढकलावं लागतं. डोंगरावरच्या धुक्यातून तो कधी खाली उतरत नाही. चालबीचं नाव काढलं की म्हणतो, "तिथे सावली फक्त गाडीखाली मिळते, आणि गाडीखाली मी जन्मभर आहेच. त्यासाठी तिथवर कशाला येऊ?" पण हात सोन्यासारखे, आणि कान त्याहून.

त्याने काय काय केलं म्हणून सांगू! आधी शाफ्टचे क्रॉस हाताने हलवून बघितले, जरासे ढिले होते, बदलले. मी आनंदात तांड्यावर गेलो. सकाळी निघालो, ठाक्! मग शाफ्टचा सरकता जोड कोरडा पडलाय म्हणाला, त्यात ग्रीस भरलं. पुन्हा ठाक्! मग गिअरबॉक्सखालचे रबरी बुश चिरलेले निघाले, नवे बसवले. स्प्रिंगच्या पाट्यांचे बोल्ट आवळले. शेवटी एक्सलच्या हौसिंगमधलं तेल थाळीत काढून बोटांनी चोळत बसला, लोखंडाचा कीस सापडतो का बघायला. तेल मधासारखं स्वच्छ.

"तुझ्या गाडीला काही झालेलं नाही," वोचे म्हणाला.

मी भडकलो. "मग मला भास होतात का? साहेबाने सत्तावीस रेघा मारल्या त्याही भासाच्या? वोचे, आज चौदा तारीख आहे. चार वेळा तुझ्याकडे आलो. चारही वेळा इथून हसत गेलो आणि तिथून रडत आलो!"

वोचे हात पुसत होता. तो थांबला.

"काय म्हणालास?"

"म्हणालो तुझी अक्कल गेली."

"ते नाही. हसत गेलास म्हणालास. कुठवर हसत गेलास?"

"तांड्यापर्यंत! कुठवर म्हणजे?"

"अरे बाबा, तांड्यापर्यंत जाताना वाळू लागत नाही का? तेव्हा फोर-व्हील टाकत नाहीस?"

टाकत होतो की! तीच वाळू, तीच गाडी, तेच फोर-व्हील. आणि जाताना आवाज एकदाही आला नव्हता. महिनाभर मी कान टवकारून बसलो होतो, आणि ही साधी गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. कपाळावर हात मारून घेतला.

"जाताना गप्प, येताना ठाक्," वोचे म्हणाला. "येताना काय वेगळं असतं?"

"येताना माणसं भरलेली असतात."

"मग भरू."

त्याने बाजारातल्या केळीवाल्या बायांना हाका मारल्या. चौदा जणी चढल्या, पाट्यांसकट. वाळूआधी करतो तशी पुढची दोन्ही चाकं एक्सलला जखडली, गाडी फोर-व्हीलमध्ये टाकली आणि आम्ही मातीच्या चढावर दोनदा वरखाली केलं. बाया खिदळत होत्या, एक म्हणाली, "यातानी, लग्नाची वरात आहे का ही?" वोचे मागे डोळे मिटून, लांब पाना गाडीच्या तळाला टेकवून, त्याचं दुसरं टोक कानाला लावून बसला होता. ठाक् नाही, ठुक् नाही. गाडी बापडी गप्प.

वोचेने पाना खाली ठेवला आणि मोठा सुस्कारा सोडला. "म्हणजे जे होतंय ते तुझ्या तांड्यात होतंय. मला यावं लागणार."

"चालबीत? तू?"

"गप्प बस. छत्री घेऊन येतोय मी."

अठरा तारखेला निघालो. मायकोनाला वाळू सुरू होते तिथे मी नेहमीसारखा उतरलो. आमच्या गाडीच्या पुढच्या दोन्ही चाकांच्या मधोमध एकेक चकती आहे, त्यावर बाण. बाण एका खुणेवर आणला की चाक मोकळं फिरतं, दुसऱ्या खुणेवर नेला की चाक एक्सलला जखडतं आणि पुढूनही जोर मिळतो. वाळूआधी जखडायचं, परतताना कडक रस्त्यावर मोकळं करायचं. मी हे इतक्या वेळा केलंय की बघतसुद्धा नाही, बोटंच करतात. दोन्ही चकत्या फिरवल्या, बसलो, निघालो.

अख्ख्या वाळूत गाडी गप्प. वोचे छत्रीखाली घामाने निथळत होता. "तुझ्यापेक्षा तुझी गाडी शहाणी," तो म्हणाला, "बडबड करत नाही."

तांड्यावर आमचे सासरे वाटच बघत होते. त्यांचं नाव एलेमा. हे इथे सांगतोय तेवढंच, त्यांच्यासमोर मी ते नाव कधी उच्चारलेलं नाही. आमच्यात सासऱ्याचं नाव घेत नाहीत, त्यांच्याशी आवाज चढवून बोलत नाहीत. मी आबा म्हणतो. तांडा चालबीच्या पलीकडच्या कडेला आला त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून मी मुक्कामाला असलो की आबा कातडं अंथरून गाडीशेजारी झोपतात. मी कधी सांगितलं नाही, त्यांनी कधी विचारलं नाही.

"शांती आहे ना, जावईबापू?"

"शांती आहे, आबा."

"पोरांना शांती? शेळ्यांना शांती?"

"सगळ्यांना शांती."

"गाडीला शांती?"

एरवी मी याला हसून हो म्हणतो. त्या दिवशी म्हणालो, "परवा साहेब येणार आहे, आबा. शांती आहे का नाही ते तोच ठरवील."

आबांनी गाडीकडे बघितलं. आम्हाला तुपात तळलेली कॉफीची सुकी फळं दिली, वर दुधाचा चहा. वोचे त्या एका संध्याकाळी उंटिणीचं एवढं दूध प्यायला की मला पुढचा अंदाज आला होता. पहाट फुटायच्या आधीच तो उठून झुडपांमागे पळाला.

परत आला तो वाकून, मांजरासारखा. माझा दंड धरून हलवलं आणि तोंडावर हात ठेवला. "ऊठ. बोलू नकोस. नुसतं बघ."

उजाडत होतं. गाडीच्या डाव्या पुढच्या चाकाशी आबा उकिडवे बसले होते. दोन्ही हातांनी त्यांनी मधली चकती धरली होती आणि ती फिरवत होते. बोटं थरथरत होती, एकदा निसटली, त्यांनी पुन्हा धरली. तोंडाने हळूहळू चाललं होतं, "हो... हो माझे आई... सुटला हं, सुटला पाय... ऊठ आता." उंटाच्या पायाची दोरी सोडताना आम्ही बोलतो तसंच. मग गुडघ्यावर हात टेकून उठले, गाडीच्या नाकावर दोन थापा मारल्या आणि शेळ्यांकडे निघून गेले.

आम्ही दोघं धावत चाकाशी गेलो. वोचे खाली वाकला आणि मग जमिनीवर बसलाच.

"हे बघ," तो म्हणाला.

बाण दोन खुणांच्या मधोमध होता. ना मोकळा, ना जखडलेला.

"आतले दात अर्धे अडकलेत. जोर आला की निसटतात, निसटले की ठाक्. मग पुन्हा अडकतात. मायकोनाला तू न बघता चकती फिरवतोस, सगळं मोकळं होतं. माझ्याकडे येते ती गप्प गाडी. तांड्याकडे जाताना तू पुन्हा नीट जखडतोस. म्हणून जाताना गप्प!" आणि तो लठ्ठ माणूस पोट धरून हसायला लागला. "क्रॉस बदलले! बुश बदलले! तेल चाखायचं तेवढं राहिलं होतं!"

मला हसू आलं नाही. मला असा राग आला की कान तापले. महिनाभराची झोप, साहेबाच्या त्या रेघा, सात तांडे, आणि हे सगळं म्हाताऱ्याच्या हाताने! मी तसाच शेळ्यांच्या दिशेने निघालो. वोचेने मागून कुर्ता पकडला.

"सासरा आहे तुझा."

"म्हणून काय गाडी मोडायची?"

"अरे, पण चाकाचा पाय कुणी केला? त्याच्या डोक्यात हे आलं कुठून?"

मी थांबलो. आणि एकदम आठवलं.

सहा वर्षांपूर्वी, तांडा इथे आला त्या पहिल्याच संध्याकाळी, मी चाकाशी वाकून चकतीतली वाळू झाडत होतो, पुढे-मागे फिरवून बघत होतो. आबांनी विचारलं होतं, काय करता, जावईबापू? मी थकलेलो होतो, आणि माझं तोंड आधी सुरू होतं हे सांगितलंच आहे. म्हणालो, "पाय बांधतोय, आबा. रात्रीची पळून गेली तर?" आबांनी मान डोलावली होती. हसले नव्हते.

म्हणजे सहा वर्षं हा माणूस मुक्कामाच्या दर संध्याकाळी माझ्या गाडीचा पाय बांधत होता आणि दर सकाळी सोडत होता, संध्याकाळी चकती दुसऱ्या खुणेवर, सकाळी परत पहिल्या. उंटाचा बांधतात तसा एकच, पुढचा डावा. आणि इतका चोख की मला सहा वर्षांत एकदाही पत्ता लागला नाही. या वर्षी त्यांची बोटं थकली. सोडायला जोर पुरला नाही, एवढंच झालं होतं.

माझा राग कुठच्या कुठे गेला. मी चाकाशी बसलो आणि चकती नीट शेवटपर्यंत फिरवली. हाताला कट् असं लागलं.

निघालो. वाळू आली. फोर-व्हील टाकलं, क्लच सोडला. माझे दोन्ही खांदे कानाला लागले होते. काही नाही. रेस वाढवली. काही नाही. मऊ वाळूत मुद्दाम थांबलो, पुन्हा उचलली, चढावर ओढली, वळवली. फक्त इंजिन आणि वारा. मायकोना दिसायला लागलं तेव्हा माझा जीव भांड्यात पडला आणि डोळ्यांतून पाणी आलं, ते मी पुसलंही नाही. वोचे छत्री मिटून म्हणाला, "रड, रड. इथे पाणी तसंही कमीच आहे."

मायकोनाला त्याने चकतीमागचा हब उघडला. दातांच्या कडा थोड्या खाल्ल्या गेल्या होत्या, बाकी ठणठणीत. डिझेलने धुतला, ग्रीस लावलं, बंद केला. माझ्यापुरता प्रश्न सुटला होता. सकाळी निघताना चकतीकडे एकदा बघायचं, झालं.

पण आबांचं काय? बघितलं असं सांगितलं तर त्यांना कळणार की गाडी आपल्यामुळे जाणार होती. नाही सांगितलं तर थरथरत्या बोटांनी ते पुन्हा तिथे बसणार. मला दोन्ही नको होतं.

वीस तारखेला ओगुटू साहेबांना घेऊन तांड्यावर आलो. साहेब चहा पीत होते, ऊन उतरत होतं. आबा कातडं घेऊन गाडीकडे आले तेव्हा मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो.

"आबा, एक विचारू? तुम्ही रोज इथे का झोपता?"

ते वाळूत काडीने रेघा ओढू लागले. "अकरा उंट होते माझे," ते म्हणाले. "तुमचं लग्न व्हायच्या आधी. एका रात्री मला ताप भरला होता. पाय बांधायला उठलोच नाही. म्हटलं, एक रात्र काय होतंय. सकाळी एकही नव्हता. लुटारूंना हाकायलासुद्धा लागले नसतील, मोकळेच होते." काडी टाकून दिली. "तेव्हापासून जे आपलं आहे ते बांधल्याशिवाय मला झोप नाही लागत, जावईबापू."

माझ्या तोंडानेच काम केलं, या वेळी बरं केलं.

"आबा, या चकतीत वाळू गेलीय. फार घट्ट झालीय, माझीसुद्धा बोटं दुखतात. तुमची जुनी दोरी आहे का अजून? उंटांची?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. सगळं कळलं होतं की नाही, मला आजही सांगता येणार नाही. उठून घरात गेले आणि चटईच्या भिंतीला टांगलेली दोरी घेऊन आले, हाताने वळलेली, काळी पडलेली. आम्ही दोघांनी मिळून ती डाव्या चाकातून आणि वरच्या लोखंडातून ओवली. गाठ त्यांनी मारली. त्या गाठीला त्यांची बोटं मुळीच थरथरली नाहीत.

"हे काय चाललंय?" साहेबांनी विचारलं.

"सुरक्षा, साहेब," मी म्हणालो.

सकाळी आबांनी दोरी सोडली, "सुटला हं, ऊठ" म्हणाले, नाकावर दोन थापा मारल्या. मी चकतीवरचा बाण बघितला आणि मगच बसलो. मागे दोन आजारी पोरं, एक अवघडलेली बाई, गुमातो. साहेबांनी वही मांडीवर उघडून पेन्सिल हातात धरली. अख्खी चालबी ओलांडली. मायकोनाला त्यांनी वही मिटली. पानावर एकही रेघ नव्हती.

"एक्सल बदललात?"

"नाही साहेब. जरा अडकलं होतं, सोडवलं."

"ठीक. चालू ठेवा." एवढंच म्हणाले. मला त्या माणसाच्या गळ्यात पडावंसं वाटलं. गुमातोने मागून माझ्या खांद्यावर एक गुद्दा हाणला, जोरात.

निघताना आबांनी एक गोष्ट केली होती, ती सांगायची राहिली. दोरी सोडून ते घरात घेऊन गेले नाहीत. खिडकीतून माझ्या मांडीवर टाकली आणि म्हणाले, "आज तुम्ही मार्साबितला झोपणार. तिथे मी नाही."

त्या संध्याकाळी दवाखान्याच्या आवारात मी डाव्या चाकापाशी बसलो आणि दोरी बांधली. पहारेकरी हसायला लागला, "यातानी, गाडी पळून जाईल म्हणून बांधतोस का?"

"हो," मी म्हणालो, आणि गाठ नीट आवळली.